वारशात मिळालेलं ईमान आणि शोधून मिळवलेलं ईमान : मौलाना आझाद यांच्या आयुष्यातलं न सांगितलेलं पान

मौलाना अबुल कलाम आझाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? देशाचे पहिले शिक्षणमंत्री, उंच टोपी, शेरवानी, गांधीजी-नेहरूंच्या शेजारी बसलेले. दरवर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रीय शिक्षण दिन येतो. आम्ही शिक्षक मुलांकडून दहा ओळींचं भाषण पाठ करून घेतो. जन्म मक्केत, १८८८ साली. १९१२ मध्ये 'अल-हिलाल'. दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष. १९५८ मध्ये दिल्लीत इंतकाल. १९९२ मध्ये भारतरत्न. टाळ्या वाजतात, कार्यक्रम संपतो.

या दहा ओळींत एक गोष्ट कधीच येत नाही. वयाच्या साधारण १४ व्या वर्षापासून २२ व्या वर्षापर्यंत या माणसाच्या मनात ईमान शिल्लक नव्हतं. पुढे ज्यांनी कुरआनची तफसीर लिहिली, ज्यांना लोकांनी 'इमामुल हिंद' म्हटलं, ते तरुणपणी आतून पूर्ण मुन्किर झाले होते. ही काही विरोधकांनी उठवलेली आवई नाही. मौलानांनी स्वतःच वेगवेगळ्या वयात हे सांगून ठेवलंय. तिशीच्या आत लिहिलेल्या 'तज्किरा'त, तुरुंगातल्या 'गुबार-ए-खातिर'मध्ये आणि आयुष्याच्या शेवटी हुमायून कबीर यांना सांगितलेल्या 'इंडिया विन्स फ्रीडम'मध्येही.

मग आपण हे पान का वगळतो? मुलांनी ऐकलं तर बिघडतील, ही भीती असते. आम्हाला मात्र वाटतं की आजच्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना मौलानांच्या चरित्रातलं हेच पान सर्वांत आधी वाचायला हवं.

पीरसाहेबांचं घर

मौलानांचे वालिद मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम आणि त्याहून मोठे पीर. १८५७ च्या धामधुमीच्या काळात ते हिंदुस्थान सोडून मक्केला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. मदिनेच्या एका विद्वान घराण्यात त्यांचं लग्न झालं. मक्केला पाणी पुरवणाऱ्या नहर-ए-जुबैदाच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मोठा निधी उभा केला होता. पुढे ते कुटुंबासह कलकत्त्याला आले. मौलाना तेव्हा लहान होते. इथे आल्यावर आई फार दिवस जगली नाही. मुरीदांनी वालिदना परत जाऊ दिलं नाही आणि कलकत्ता हेच घर झालं.

वालिदना इंग्रजी शिक्षण मान्य नव्हतं आणि मदरशांवरही फारसा भरवसा नव्हता. मुलांचं शिक्षण घरीच झालं. आधी ते स्वतः शिकवत, मग एकेका विषयाला एकेक उस्ताद. अरबी, फारसी, मन्तिक, फिकह, फलसफा. ज्या अभ्यासाला इतरांची विशी उलटून जायची तो या मुलाने सोळाव्या वर्षी संपवला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याने तो शिकवूनही दाखवला. वालिदनी पंधराएक विद्यार्थी गोळा केले आणि वयाने आपल्याहून मोठ्या असलेल्या या लोकांना तो दर्स देऊ लागला.

पण घराला खिडक्या कमी होत्या. वालिद आपल्या मसलकाचे पक्के आणि इतर मसलकांच्या, विशेषतः वहाबी म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या सक्त विरोधात. आपण खरे, बाकीचे भरकटलेले, हीच घरातली हवा. भरीला पीरजादा म्हणून मिळणारा मान. पांढऱ्या दाढीचे मुरीद येऊन या पोराचे हात चुंबायचे. मुलाला ते नकोसं व्हायचं. आपण काहीच कमावलेलं नाही, मग हा मान कशाचा?

हा प्रश्न त्याच्या मनातून पुढे कधी गेलाच नाही. फक्त मानाच्या जागी ईमान आलं. आपण काहीच शोधलेलं नाही, मग हे ईमान आपलं कसं?

पहिला काटा कुठून आला?

ईमान डळमळलं म्हटलं की आपण लगेच बोट दाखवतो ते बाहेर. इंग्रजी शिक्षण, विज्ञान, सिनेमा, आणि आता मोबाइल. मौलानांच्या बाबतीत पहिला काटा बाहेरून आलाच नव्हता. तो आपल्याच घरातून आला.

त्यांना सर्वांत आधी छळलं ते मुसलमानांच्या आपसातल्या भांडणांनी. अल्लाह एक, रसूल एक, किताब एक. सगळेच म्हणतात आम्ही तिथूनच घेतलं. मग हे एकमेकांना गुमराह आणि काफिर कसे ठरवतात? आणि तेही इतक्या खात्रीने? मुलगा हुशार होता, तो इथे थांबला नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला. दीन जर साऱ्या माणसांसाठी असलेलं सत्य असेल, तर वेगवेगळ्या धर्मांची माणसं त्याच सत्याच्या नावाने एकमेकांशी का लढतात? मसलकांविषयीची शंका अशी धर्माविषयीची शंका झाली.

घरात हे विचारायची सोय नव्हती. मग जे मिळेल ते वाचणं सुरू झालं. सर सय्यद अहमद खान यांची पुस्तकं हाती आली. अकलेची कसोटी लावून दीन समजून घ्यायचा त्यांचा प्रयत्न या मुलाला फार भावला. आधुनिक ज्ञान हवं तर इंग्रजी हवी, हेही तिथेच उमगलं. एका ओळखीच्या मौलवींनी मुळाक्षरं शिकवली, प्यारीचरण सरकारांचं पहिलं इंग्रजी पुस्तक हातात दिलं. पुढची वाट त्याने एकट्याने काढली. इंग्रजी बायबल, शेजारी त्याचे उर्दू आणि फारसी तर्जुमे ठेवायचे आणि ताडून वाचत जायचं. शब्दकोशाच्या मदतीने वर्तमानपत्रं. या पद्धतीने तो इंग्रजी वाचायला शिकला. भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना या जिद्दीचं आजही नवल वाटतं.

पण सर सय्यदांच्या मुक्कामावरही पाय टिकले नाहीत. तिथून पुढे निव्वळ अक्कलवाद, आणि त्याच्याही पुढे इन्कार. 'आझाद' हे नाव त्यांनी याच सुमारास पक्कं केलं. वारशाने आलेल्या समजुतींच्या बंधनातून आपण सुटलो, असा त्याचा अर्थ होता, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलंय. आज या नावात आपल्याला फक्त देशाचं स्वातंत्र्य ऐकू येतं. मुळात ते एका पोराने आपल्याच घराच्या उंबऱ्यावर उभं राहून घेतलेलं नाव आहे.

बाहेर दीन, आत इन्कार

या आठ-नऊ वर्षांतली सर्वांत विचार करायला लावणारी बाब म्हणजे बाहेरून कुणालाच काही कळलं नाही.

उलट याच काळात नाव होत होतं. पंधराव्या वर्षी त्यांनी 'लिसानुस सिद्क' हे मासिक काढलं. लेख वाचून लोकांना वाटायचं, संपादक कुणी अनुभवी बुजुर्ग असणार. मुंबईत शिबली नोमानींची भेट झाली तेव्हा हा पोरगाच तो संपादक, यावर त्यांचा विश्वास बसेना, असं सांगतात. शिबलींनी त्यांना लखनऊला बोलावलं. १९०५-०६ मध्ये नदव्याच्या 'अन-नदवा' या मासिकाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यानंतर अमृतसरचं 'वकील'.

म्हणजे बघा, उलेमांच्या एका मोठ्या संस्थेचं मासिक जो तरुण सांभाळत होता, त्याच्या स्वतःच्या आत मात्र काही उरलं नव्हतं. लोकांसमोर तो दीन आणि अक्कल यांचा मेळ घालणारा लेखक होता. विश्वासाच्या ठिकाणी पूर्ण इन्कार आणि वागण्यात पूर्ण मोकाटपणा, असा या काळाचा हिशेब पुढे मौलानांनीच मांडला आणि स्वतःला अजिबात सूट दिली नाही.

आम्हाला इथे थांबून एक विचारावंसं वाटतं. मुलगा जुमाला येतो, टोपी घालतो, मोठ्यांना सलाम करतो, म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो. आत काय चाललंय हे विचारायची आपली तयारी असते का? आणि त्याने खरं सांगितलं तर ऐकून घ्यायची?

परतीची वाट

या वर्षांत घरात मृत्यूही येत राहिले. ज्याच्यासोबत शिकले, वाढले तो थोरला भाऊ अबू नस्र तरुणपणीच गेला. १९०८ मध्ये वालिद गेले. गादी समोर होती. बसले असते तर आयुष्यभर मान, पैसा, मुरीद, कशालाच तोटा नव्हता. मौलानांनी पीरी-मुरीदी नाकारली. जे आपलं नाही ते चालवायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा त्या इन्काराच्या काळातही शाबूत होता. आमच्या मते परतीची वाट तिथूनच सुरू झाली. ईमान नसताना ईमानाच्या नावावर खायला ज्याने नकार दिला, त्याच्या आत काहीतरी जिवंत होतं.

त्याच सुमारास इराक, शाम, मिस्र, तुर्कस्तान असा प्रवास झाला. तिथल्या विचारवंतांशी, राजकीय बदलासाठी धडपडणाऱ्या तरुणांशी गाठी पडल्या. आपल्या घराबाहेरचं मुस्लिम जग त्यांनी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहिलं.

आणि मग, वय २२ च्या आसपास, ईमान परत आलं. कसं आलं? इथे मौलाना फार उघडून बोलत नाहीत. 'तज्किरा'च्या शेवटी ते परद्याआडून सांगतात, की एका इश्काने आधी सगळा गर्व मोडून काढला. इश्क दुनियेतल्या माणसाचाच होता, पण त्या जळण्यातूनच पुढची वाट उजळली. पुस्तकांनी आणि वादांनी जे दार उघडलं नाही ते अल्लाहच्या मेहरबानीने उघडलं, अशी त्यांची भावना होती. कुणा पीराच्या हातावर हात ठेवून किंवा कुणाशी मुनाजरा हरून ते परतले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा स्पष्ट केली. जे हरवलं तेच परत मिळालं नाही. जे हरवलं होतं ते वारशातलं होतं. बापाने मानलं म्हणून मुलाने मानलेलं, म्हणजे तकलीदी. जे मिळालं ते शोधून मिळवलेलं, तहकीकी. शंकेचा असा एकही काटा नाही जो आपल्याला टोचला नाही, आणि तरीही आपण इथे येऊन पोहोचलो, हा त्यांचा दावा होता. विज्ञान आणि फलसफ्याशी त्यांचं वैर नव्हतं. फलसफा शंकेचं दार उघडतो पण ते बंद करणं त्याच्या हातात नसतं. विज्ञान पुरावा देतं पण दुःखात तसल्ली देत नाही. जगायला माणसाला आणखी काहीतरी लागतं. तुरुंगातून लिहिताना त्यांनी ही बाब फार शांतपणे मांडली.

परतल्यावर काय केलं?

ईमान परत येणं ही सुरुवात होती. १३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्यातून 'अल-हिलाल' निघालं. दोन वर्षांत आठवड्याला २६ हजार प्रती, उर्दूत तोवर न ऐकलेला आकडा. कुरआन पुढे ठेवून गुलामीविरुद्ध लिहिणारं साप्ताहिक सरकारला कसं सोसणार? आधी दोन हजारांची जमानत, ती जप्त, मग दहा हजारांची, तीही गेली. १९१४ मध्ये ते बंद पडलं. पुढच्या वर्षी 'अल-बलाग' निघालं. १९१६ मध्ये बंगालमधूनच हद्दपारी झाली. मुंबईसह इतर प्रांतांनी आधीच दारं लावली होती. उरला बिहार. रांचीत त्यांना नजरकैद झाली आणि ती १९१९ च्या अखेरपर्यंत चालली.

रांचीत त्यांनी मदरसा उभा केला, 'तज्किरा' लिहिलं आणि कुरआनचा तर्जुमा, तफसीर यांचं काम पुढे नेलं. तिथे घडलेला एक प्रसंग आम्हाला फार मोठा वाटतो.

१९१८ चा हिवाळा. इशाची नमाज आटोपून मौलाना मशिदीतून निघाले तर मागून कुणीतरी येतंय असं वाटलं. वळून पाहिलं. घोंगडी पांघरलेला एक माणूस. तो कंदहारच्या बाजूचा. 'अल-हिलाल' आणि 'अल-बलाग'चे अंक त्याने वाचले होते आणि कुरआनमधल्या काही जागा समजून घ्यायच्या होत्या. क्वेट्यापर्यंत तो पायी आला, तिथून ओळखीच्या व्यापाऱ्यांसोबत आग्र्यापर्यंत, आणि आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी. काही दिवस राहिला, शिकला आणि एके दिवशी न सांगता निघून गेला. परतीच्या खर्चाला मौलाना पैसे देतील, ते घ्यायला लागू नयेत म्हणून. पुढे 'तर्जुमानुल कुरआन' छापलं तेव्हा मौलानांनी ते कुणा नवाबाला किंवा नेत्याला अर्पण केलं नाही. या अनोळखी माणसाला केलं. त्याचं नावही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

लहानपणी हात चुंबणारे मुरीद ज्याला नकोसे वाटले, त्याला आयुष्यात असा एक शागिर्द भेटला जो हात चुंबायला नाही, समजून घ्यायला आला होता.

हे पुस्तकही सहज झालं नाही. झडत्यांमध्ये पोलिसांनी हस्तलिखितं उचलून नेली. परत मिळाली तेव्हा तो फाटक्या-चुरगळलेल्या कागदांचा ढीग होता. काही काळ मौलानांना पुन्हा लेखणी उचलवेना. मग नव्याने लिहायला बसले. पहिला भाग १९३१ मध्ये आला, दुसरा १९३६ मध्ये. सूरह फातिहावरची त्यांची तफसीर वाचली की कळतं, लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर ते इथे देतायत. पालनहार रब सर्वांचा आहे, त्याची रहमत सर्वांवर आहे, मूळ दीन एकच आहे आणि भांडणं गटबाजीने निर्माण केली आहेत. काही उलेमांनी यावर हरकत घेतली, मौलानांनी खुलासेही केले. मतभेद असू शकतात. पण चौदा वर्षांच्या मुलाला छळणाऱ्या प्रश्नाला चाळिशी ओलांडलेल्या माणसाने कुरआनमधून दिलेलं हे उत्तर होतं. मधल्या काळात त्याने प्रश्न गाडून टाकला नव्हता.

नगरच्या किल्ल्यातली कसोटी

या प्रवासाचा एक मुक्काम आपल्या महाराष्ट्रातला आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात आणलं गेलं. नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, सगळे तिथेच. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं मौलानांनी इथेच लिहिली. पहाटे तीन-चारला उठायचं, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचं. पत्रं मित्र हबीबुर रहमान खान शेरवानींच्या नावे, पण पाठवायची मुभा नव्हती.

१९४३ च्या वसंतात कलकत्त्यात बेगम जुलैखा अंथरुणाला खिळल्या. प्रकृती ढासळत गेली. सरकारला काही विनंती करायची असेल तर ताबडतोब पुढे पाठवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. ज्या सरकारशी लढतोय त्याच्याकडे मागायचं नाही, म्हणून मौलानांनी नकार दिला. ९ एप्रिलला जुलैखा गेल्या. भेट झाली नाही. तीन महिन्यांत भोपाळला बहीणही गेली.

त्या दिवसांविषयी मौलानांनी लिहिलंय ते वाचावं. वेळापत्रक त्यांनी मोडलं नाही. जेवणाच्या वेळी जेवायला बसले, वर्तमानपत्र आलं तर घाई न करता घेतलं. पण हा शांतपणा बराचसा दाखवण्यापुरता होता, आत शरीर खचत होतं, हेही त्यांनी कबूल केलं. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. रोज दिसायची. त्या बातमीनंतर तिच्याशी जणू नवी ओळख झाली, असं त्यांना वाटलं. सब्र म्हणजे काही न वाटणं नव्हे, हे या पानांवरून कळतं. वाटलेलं लपवून न ठेवताही अल्लाहच्या मर्जीपुढे उभं राहता येतं. तरुणपणी बाहेर एक आणि आत एक असं जगलेला माणूस इथे आतलं बाहेर मांडू शकतो. ईमानाने त्यांना काय दिलं असं विचारलं तर आम्ही हेच सांगू.

आपल्यासाठी

मौलानांचं आयुष्य वाचून कुणी असं समजू नये की आधी ईमान सोडावं, मग ते पक्कं होतं. प्रत्येक जण परततोच असंही नाही. मौलाना स्वतः याला आपली कमाई मानत नव्हते, अल्लाहची मेहरबानी मानत होते.

पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. वर्गात, घरात, मोहल्ल्यात आम्ही पाहतो. मूल विचारतं, अल्लाहने असं का केलं? लगेच उत्तर येतं, तौबा कर, असलं विचारत नाहीत. मूल गप्प होतं. आपण समजतो शंका गेली. शंका जात नाही, ती फक्त आपल्याला सांगणं बंद होतं. त्या दिवसापासून ते मूल आपल्यासमोर एक आणि आत एक असं जगायला शिकतं.

दुसरं, जेवणाच्या दस्तरख्वानवर आपण दुसऱ्या मसलकाच्या लोकांना काय काय म्हणतो ते आठवावं. अमुक मशिदीत जाऊ नको, तमुकाच्या मागे नमाज होत नाही. मुलं ऐकत असतात. आझाद नावाच्या मुलाला लागलेला पहिला काटा हाच होता. तो काटा आज आपल्या घरात कोण पेरतंय, हे बाहेर शोधायची गरज नाही.

आणि तिसरं, कुणी मोठं झाल्यावर, वीस-पंचवीस-चाळीस वर्षांचं झाल्यावर, बऱ्याच काळाने मशिदीच्या पायरीवर आलं, तर इतके दिवस कुठे होतास, असं विचारू नये. वुजूची जागा दाखवावी, सफमध्ये थोडं सरकून घ्यावं. तो कुठून कुठून चालत आलाय हे त्याला आणि त्याच्या रबलाच माहीत.

अल्लाह मौलानांची मगफिरत करो, आणि आपल्या मुलांचे प्रश्न सबुरीने ऐकण्याची आपल्याला तौफीक देवो. आमीन.